एकशे बारावं पान

माझी बॅग टेबलावर उलटी केली गेली. डबा पडला, कंगवा पडला, घराची किल्ली पडली. शेवटी पुस्तक पडलं. खाकी कव्हर घातलेलं.

दुपारचे साडेतीन. हिंगण्याच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्याच्या गेटवर त्या वेळी दोन पाळ्यांची गर्दी होते. पहिली बाहेर निघते, दुसरी आत शिरते. बायकांच्या रांगेत पुढे मी, मागे वंदना, तिच्या मागे पुष्पाताई. समोर दुसऱ्या पाळीची माणसं कार्ड पंच करायला उभी. झडती रोजचीच. वर्करची होते, स्टाफची होत नाही. आठ वर्षांत मला त्याची सवय झाली होती. आता त्या सवयीचीच लाज वाटते.

त्या दिवशी गार्डबाईशेजारी पर्सोनेलचे साहेब उभे होते. स्टोअरमधून माल कमी होत होता म्हणे. साहेबांनी पुस्तक उचललं. नाव बघायला उघडलं नाही. कव्हरवरून नुसतं बोट फिरवलं.

"हा कागद आपला आहे."

आमच्याकडे स्विच आणि सॉकेट बनतात. मी पॅकिंगला आहे. खोक्याच्या तळाला हा खाकी कागद घालतात. कापून उरलेले तुकडे झाडूने ढिगात जातात आणि ढीग भंगारवाल्याकडे जातो. त्यातला एक मोठा तुकडा मी घेतला होता. गार्डबाईच्या पोळ्याही त्याच कागदात गुंडाळलेल्या असतात, हे मला माहीत होतं. तिला माहीत होतं की मला माहीत आहे. ती टेबलाकडे पाहत राहिली.

"साहेब, रद्दीतला हाये तो," मी म्हटलं.

"रद्दी कोणाची?"

साहेबांनी कव्हर काढायला घेतलं. घडीत नख घालून, सावकाश. आणि त्यांना आतल्या बाजूच्या ओळी दिसल्या.

त्या ओळींची गोष्ट सांगते. कारखान्याच्या बसमधल्या आम्ही पाच-सहा बायका एकच पुस्तक आळीपाळीने वाचायचो. पुस्तक मी सीताबर्डीच्या फूटपाथवरून जुनं उचलून आणायची. वाचून झालं की कव्हरच्या आतल्या बाजूला एक-दोन ओळी लिहायच्या, पुढे जिच्या हातात जाणार तिच्यासाठी. कसं आहे, कुठे दम धरायचा, कुठे सावध राहायचं. खाली नाव टाकायचं. नाव टाकायचं हे मीच ठरवलं होतं, म्हणजे पुढचीला कळतं कोणाशी बोलायचं. माझी ती अक्कल मला फार महागात पडली. मला कसली, वंदनाला.

साहेबांनी कव्हर उलटं धरलं आणि मोठ्याने वाचायला लागले.

"पहिली चाळीस पानं कंटाळा येते. दम धर. मंग सोडवत नाही. पुष्पा."

दुसऱ्या पाळीतले चार-दोन जण हसले. साहेबांचा आवाज चांगला आहे. शब्द कुठे दाबायचा ते त्यांना कळतं.

"बसमधी वाचशीन तर ध्यान ठेव. माझा स्टॉप चुकला. शीतल."

आता जास्त हसले. मीही कसनुशी हसले, हे कबूल करते. साहेब हसतात तेव्हा आपणही थोडं हसायचं, म्हणजे प्रसंग टळतो, हे आमच्या अंगात मुरलेलं आहे.

"एकशे बारावं पान माझंच हाये. कोणाले सांगू नको. वंदना."

साहेबांनी पुस्तक उघडलं. एकशे बारावं पान काढलं. त्या पानावर एक बाई आहे. नवऱ्याने रात्री मारलेलं असतं, सकाळी ती आरशासमोर उभी राहून गालावरच्या वळावर पावडर थापते. साहेबांनी तेवढ्या चार ओळी वाचल्या आणि मान वर केली.

"यातली वंदना कोण?"

सांगायची गरजच नव्हती. सगळ्या बायका ज्या बाजूला बघायचं टाळत होत्या, त्या बाजूला वंदना उभी होती. पन्नासेक माणसं तिच्या गालाकडे बघत होती.

साहेबांनी पुस्तक आणि कव्हर काखेत मारलं आणि म्हणाले, "उद्या जेवणाच्या सुट्टीत ऑफिसला या." मी माझा डबा, कंगवा, किल्ली गोळा केली. कंगवा तिथेच राहिला.

माझा बाप विणकर. आमच्या घरात हातमाग होता. मागावर बसलं की हातपाय दोन्ही गुंतलेले, कान मात्र मोकळे. म्हणून शाळेतून आले की मी मागाशेजारी बसून बापाला वाचून दाखवायचे. वर्तमानपत्र, शाळेचं पुस्तक, मिळेल ते. मागाचा खटका मोठा, त्याच्यावर आवाज चढवून वाचावं लागे. मी थांबले की बाप म्हणायचा, "काहून थांबली वं? पुढं का झालं?" सूत ज्या जाड कागदात बांधून यायचं, तो कागद बाप जपून ठेवायचा आणि माझ्या पुस्तकांना त्याचं कव्हर घालायचा. मागाच्या घरात उरलेलं सूत, उरलेला कागद, सगळं आपलंच. तिथेच मी चुकले. उरलेलं आपलं असतं, हे मी कारखान्यातही धरून चालले. कारखान्यात उरलेलंही मालकाचंच असतं. तुम्ही त्याला झाडू मारायचा, बस.

कव्हर घालायचं आणखी एक कारण होतं. बसमध्ये पुस्तकाचं नाव दिसलं की लोक विचारतात. बाईमाणूस काय वाचून राहिली, कशाला वाचून राहिली. कव्हर असलं की वाटतं पोराचं शाळेचं पुस्तक आहे. कोणी काही म्हणत नाही.

आणि बस सोडून दुसरीकडे वाचणार कुठे? नंदनवनातलं माझं घर दोन खोल्यांचं. घरी पुस्तक उघडलं की कोणाला तरी चहा लागतो. सासू म्हणते, बसूनच आहेस तर मेथी निवड. बसून आहेस. वाचणं म्हणजे आमच्या घरी नुसतं बसणं. नंदनवन ते हिंगणा, शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला, जायला तासभर आणि यायला तासभर. दिवसातले तेवढेच दोन तास मला कोणी हाक मारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसमध्ये वंदना नव्हती. तिची खिडकीची जागा रिकामी होती. बस छत्रपती चौक ओलांडून पुढे गेली तेव्हा मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, "एकशे बारा." पलीकडून दुसरा म्हणाला, "एकशे बारा, हजर." मागे सगळे हसले. पुष्पाताई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"माफी मागून टाक बाप्पा. दोन दिवसांत विसरून जाते सगळे."

"वंदना विसरन का?"

"तू नोकरी घालवशीन त वंदनाचं का भलं होणार हाये?"

पुष्पाताईंचं चूक नव्हतं. त्यांनी ठेकेदाराची माणसं बदलताना पाहिली आहेत. आम्ही सगळ्या ठेक्यावर. काढायला कारणही लागत नाही.

साहेबांच्या खोलीत काचेचं कपाट आहे. त्यात पुस्तकं आहेत, ओळीत, कोरी. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वर हॉलमध्ये अधिकाऱ्यांची वाचनाची बैठक होते. कोणी काय वाचलं, कोणी काय वाचावं ते एकमेकांना सांगतात, आणि त्याचे फोटो नोटीस बोर्डावर लागतात. मागच्या वर्षी मी त्या कपाटातलं एक पुस्तक मागितलं होतं. क्लार्क म्हणाला होता, "ते स्टाफसाठी आहे." मी ऐकून घेतलं होतं आणि परत पॅकिंगला येऊन उभी राहिले होते.

साहेबांच्या टेबलावर माझं पुस्तक होतं. कव्हर वेगळं, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. त्याच्यावर चिठ्ठी लावलेली: पुरावा. साहेबांनी बसा म्हटलं नाही. एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. मी कंपनीच्या मालाची चोरी केली आहे. त्याबद्दल क्षमा मागते. पुन्हा असे होणार नाही.

"मला प्रकरण वाढवायचं नाही. सही करा, संपलं."

मी कागद वाचत उभी राहिले. मला वेळ लागतोय असं त्यांना वाटलं असावं.

"मलाही वाचनाची फार आवड आहे," ते म्हणाले. "पण वेळच मिळत नाही. तुम्हाला बरा मिळतो."

"बसमध्ये वाचते."

"पुस्तक चाळलं मी. चांगलं आहे. तुमच्यासाठी जरा जड आहे. तुम्हा बायकांसाठी मी काही सोपी, बोधाची पुस्तकं मागवून देईन."

चोर म्हटलं तेव्हा मला भीती वाटली होती. यावेळी भीती वाटली नाही. डोक्यात तिडीक गेली. या माणसाने एका बाईचा मार गेटवर पन्नास माणसांना वाचून दाखवला, आणि आता हा मला सांगणार की ते पुस्तक मला कळणार नाही. ते पुस्तक आमच्यातल्या एकीच्या गालावर उमटलेलं आहे.

मी टेबलावरचा पेन उचलला. साहेब टेकून बसले. मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागले. उभ्यानेच. अक्षर वाकडं आलं.

मी लिहिलं: कागद मी घेतला. भंगारातला. पुस्तकाला घातला. विचारून घ्यायला हवा होता. चोरी केलेली नाही. कव्हरच्या आत लिहिलेलं आम्ही एकमेकींसाठी लिहिलं होतं. ते गेटवर मोठ्याने वाचलं गेलं. एका बाईचं नाव घेऊन विचारलं गेलं. ज्याने वाचलं त्याने तिची माफी मागावी, गेटवरच, साडेतीन वाजता. कव्हर आम्हाला परत द्यावं.

खाली सही केली. पूर्ण नाव.

"याची पोच द्या," मी म्हटलं.

साहेबांनी वाचलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"ठेकेदाराला माझा एक फोन गेला ना, तर उद्यापासून बस तुमच्यासाठी थांबणार नाही. कळतंय का?"

"कळते. फोन करा. पण आधी पोच द्या."

टेबलाची कड धरून ठेवली होती, हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही. पोच त्यांनी दिली नाही. कागद फाइलला लावला आणि पुस्तक माझ्याकडे ढकललं. कव्हर ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून माझी ड्यूटी भंगारला लागली. शेडच्या मागे ढिगासमोर बसून कागद वेगळा करायचा, प्लॅस्टिक वेगळं करायचं. दिवसभर तोच खाकी कागद, हातांना तोच वास. पाळी सुटताना नोटीस मिळाली: पुढच्या बुधवारी अकरा वाजता चौकशी.

वंदना गुरुवारी बसमध्ये आली. गोष्ट तिच्या घरापर्यंत गेली होती. कशी गेली आणि पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ओढणी तोंडावरून घट्ट घेतली होती. माझ्या शेजारी येऊन बसली. मी माफी मागणार होते. तीन दिवस शब्द जुळवत होते. त्याआधी तीच बोलली.

"ताई, त्यानं अर्धंच पान वाचलं."

"हो वं."

"पुढं ती बाई पावडर पुसून टाकते नं? पुसून तशीच कामावर जाते. वळ घेऊन. ते काहून नाही वाचलं त्यानं?"

मी पुस्तक बॅगेतून काढलं. आता त्याला कव्हर नव्हतं, नाव सगळ्यांना दिसत होतं.

"मी वाचू का? पूर्ण पान? मोठ्यानं?"

वंदना खिडकीबाहेर पाहत राहिली. मागून आवाज आला, "एकशे बारा." तेव्हा ती म्हणाली, "वाच."

मी उभी राहिले. एका हाताने वरची दांडी धरली. बसच्या इंजिनाचा आवाज मागाच्या खटक्याइतकाच असतो, त्याच्यावर आवाज कसा चढवायचा ते मला लहानपणापासून येतं. मी पहिल्या शब्दापासून सुरू केलं. आरसा, पावडर, गाल. मागे कोणीतरी खिदळलं. मी थांबले नाही. मधेच एक माणूस म्हणाला, "जाऊ द्या नं बाई, सकाळी सकाळी." मी त्याच्याकडे बघून पुढची ओळ वाचली. बाई पदर ओला करते, पावडर पुसते, दार उघडते आणि रस्त्याने चालत जाते. शेजारीण विचारते गालाला काय झालं. ती सांगते, नवऱ्याने मारलं. तिथे पान संपतं.

मी खाली बसले. बसमधल्यांचं मन बदललं, असं काही मी सांगणार नाही. दोघेतिघे खिडकीबाहेर बघत होते, एक मोबाइल काढून बसला होता. हिंगण्याला बस थांबली आणि सगळे उतरले. वंदनाच्या घरी परिस्थिती तीच आहे. माझ्या घरी सासू म्हणते, पुस्तकापायी नोकरी घालवणारी सून पहिल्यांदा पाहिली. मागच्या सीटवरून एकशे बारा मात्र परत ऐकू आलेलं नाही.

आता मी पुस्तकाला कव्हर घालत नाही. ओळी आम्ही पहिल्या कोऱ्या पानावर लिहितो, पूर्ण नावानिशी. लिहायचं की नाही हे प्रत्येकीला आधी विचारते. वंदनाने अजून लिहिलेलं नाही. लिहिलंच पाहिजे असं नाही.

बुधवारी अकराला चौकशी आहे. सही करणार नाही. कव्हर परत मागणार, आणि वंदनाची माफी. नाही म्हणाले तर पुन्हा लेखी मागणार. नोकरीवरून काढलं तर गेटच्या बाहेर उभी राहून मागणार. आमच्यासारख्यांना अकराला बोलावतात आणि बाकड्यावर दोन-तीन तास ताटकळत ठेवतात, हे मला माहीत आहे. पुस्तक घेऊनच जाणार आहे. बसवून ठेवलं तर त्यांच्या दारात वाचत बसेन. हाक मारली की पान संपवूनच उठेन.