मिरचीच्या वखारीतलं वजन

लष्करात नर्स व्हायचं ठरवलं तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि माझ्या अंगात मस्ती भरपूर होती. वजन नव्हतं, पण ते मला नंतर कळलं.

खरं तर मला डॉक्टर व्हायचं होतं. इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, बायपीसी हा डॉक्टरकीकडे जाणारा ग्रुप घेतला, वर्षभर हैदराबादेत आमच्या गौलीगुड्याहून बस पकडून दिलसुखनगरच्या कोचिंगला गेले, आणि नंबर थोडक्यात हुकला. खाजगी कॉलेजचं डोनेशन ऐकून बाबा चक्क हसले होते. त्याच वर्षी त्यांचा कारखाना बसला. देश खुला झाला म्हणून पेपरवाले खूश होते. बाहेरचा स्वस्त माल आला आणि बाबांच्या कारखान्यातले पंप कुणी घेईना. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं, चहा पाजला आणि खुशीनं निवृत्ती घ्या म्हणाले. खुशी कुणाची, ते काही सांगितलं नाही.

हातात जे आलं ते ताईच्या लग्नाच्या कर्जालाही पुरलं नाही. त्या कर्जाला बाबांचे दोन दोस्त जामीन होते. तेही त्याच कारखान्यातले, तेही घरी बसलेले. आमचा हप्ता चुकला की कर्ज देणाऱ्या पतसोसायटीचा माणूस त्यांच्या दारात उभा राहायचा. बाबा पुढे बेगम बाजारात मिरची-मसाल्याच्या एका वखारीत हिशेब लिहायला लागले, पण जाताना त्या दोघांची गल्ली टाळून लांबच्या रस्त्यानं जायचे. मला ते बघवत नसे.

अशात जाहिरात दिसली. लष्करी दवाखान्यात नर्सिंगचं शिक्षण फुकट, राहणं-जेवण फुकट, वर दर महिन्याला हातात काहीतरी पैसे, आणि पुढे अधिकारी म्हणून नोकरी. बदल्यात पाच वर्षं सेवा करीन असा बाँड. मी पेपर घेऊन थेट स्वयंपाकघरात गेले आणि आईला म्हटलं, "मी जाणार."

"लढाईत?" आईचा हात पिठातच थांबला.

"दवाखान्यात गं."

"कुणाच्या?"

"लढणाऱ्यांच्या."

"आणि बंदूक?"

"बंदूक नाही, इंजेक्शन!"

आई पुन्हा पीठ मळायला लागली. बोलली ती आत्या. ती खास तेवढ्यासाठी रिक्षा करून आली. "शिकलीसवरली पोर, आता परक्या पुरुषांची बेडपॅनं उचलणार? त्यापेक्षा एखादं स्थळ बघा आणि उजवून टाका." मी म्हटलं, "आत्या, लग्न करून काय उचलतात? तेच ना? तेही फुकट." आत्याचा चहा तसाच राहिला. बाबांनी मला बाहेर जा म्हणून डोळ्यांनी खुणावलं, पण खिडकीतून मला दिसलं की ते मिशीत हसत होते.

आईनं दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं. आई एकदा हो म्हणाली की ते काम देवाच्या गळ्यात टाकून त्याचा पिच्छा पुरवायची. "तुझ्या सिलेक्शनसाठी मी माझे वार बोलले आहे," ती म्हणाली, "तूही धर. देव काय एकट्या आईचं ऐकतो?" आणि आमच्याकडचा उपास म्हणजे खिचडी नि वऱ्याचे तांदूळ हादडायचा उपास नव्हे. सकाळी चहा, रात्री कपभर दूध, फार तर एक केळं. सोमवार, गुरुवार, शनिवार. मध्ये चतुर्थी, एकादशी असायचीच. मी सायन्सची विद्यार्थिनी, पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते उगीच नाही. मीही धरले.

लेखी परीक्षा पास झाले. मुलाखतही पास झाले. आईनं देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाली, "बघ." मीही म्हटलं, बाई, काहीतरी आहे खरं यात.

मग मेडिकल आलं. सिकंदराबादच्या लष्करी दवाखान्यात आम्हा मुलींची रांग लागली होती. डोळे चांगले, कान चांगले, दात चांगले. वजनकाट्यावर उभी राहिले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला उतरायला सांगितलं, पुन्हा चढायला सांगितलं.

"घर में खाना नहीं मिलता क्या?"

"मिलता है मॅडम. उपास चालू आहेत," मी अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलले. "इथल्या सिलेक्शनसाठीच."

बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मग एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, नर्सला अख्खी ड्युटी उभ्यानं काढावी लागते, तिच्या दुप्पट वजनाचे जवान कुशीवर वळवावे लागतात. तुला तर पंख्याखाली उभं करायची भीती वाटते. कागदावर लिहिलं: तात्पुरती अपात्र. सहा आठवड्यांनी पुन्हा या, वजन भरलं तर घेऊ, नाही तर जागा दुसऱ्या मुलीला. "आता सिलेक्शनसाठी खा," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं तेव्हा आईला अपात्रचं काही वाटलं नाही. तिला लागलं ते दुसरंच. "आपल्या घरी खायला नाही, असं म्हणाली ती?"

"असं नाही गं म्हणाली."

"तसंच म्हणाली." तिचा चेहरा उतरला, आणि मग लालबुंद झाला. पदर खोचून ती देवापुढे जाऊन बसली आणि आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्याशी व्यवहार करून टाकला. पोरीचे सगळे वार आजपासून माझ्याकडे. पोर खाणार. तिच्या वाटचं मी सोसणार. मी म्हटलं, "अगं, पण तुझे आहेतच की तेच वार. एका सोमवारी दोन सोमवार कसे करणार?" आई म्हणाली, "माझं रात्रीचं दूध होतं ना, ते सोडलं. झाला तुझा सोमवार." देवाची काय हरकत असणार होती!

दुसऱ्या दिवसापासून मला चरायला घातलं. तूप-भात, दाण्याचा कूट घातलेली कोशिंबीर, गूळ-शेंगदाणे, केळी. शेवटी अंडीसुद्धा! आमच्या घरात अंड्याचं नाव निघत नसे. आईनं गच्चीवर एक जुनं पातेलं आणि रॉकेलचा स्टो नेऊन ठेवला, आणि स्वतः जिन्यात पाठ करून बसली. अंडी बाबा उकडायचे, बाबाच सोलायचे. कारखान्यात पंपांचे सुटे भाग तपासणारे माझे बाबा एकेक अंडं उन्हात धरून टरफलाचा कण राहिलाय का बघत. खालून आईचा आवाज यायचा, "खाल्लं का? पिवळंपण खाल्लं का?" मी नाक दाबून गिळायची. मला जायचंच होतं. वजनापायी जागा गेली असती तर मी वेडी झाले असते.

वजन बघायला घरी काटा कुठला? दर रविवारी बाबा मला वखारीत न्यायचे. तिथे मिरचीची पोती तोलायचा मोठा लोखंडी काटा होता. नाकात मिरचीचा खकाणा जायचा, मी शिंकत शिंकत त्याच्यावर उभी राहायची आणि तिथला म्हातारा हमाल वजन गाण्यासारखं ओरडून सांगायचा. पोत्यांचंही तो तसंच सांगायचा. "क्या बेटी," पहिल्या रविवारी तो म्हणाला, "आधा बोरा मिर्ची भी नै हुए तुम तो!" बाकीचे हमाल खो खो हसले. तिसऱ्या रविवारी त्यानं नुसतंच "हौ, अब जमा" म्हटलं, आणि मला इतका आनंद झाला की त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

मेडिकलच्या आधीच्या रविवारी आई आली. तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मी काट्यावर चढले, हमालानं वजन पुकारलं. भरलं होतं! वर थोडं जास्तच. आईनं तिथल्या तिथे हात जोडले. मला चेव आला. मी तिचा दंड धरला आणि तिला काट्याकडे ओढलं. "चल, आता तुझं."

"नक्को गे, येडी झालीस का? चारचौघांत."

"चल गं!" मी तिला जवळजवळ उचलूनच काट्यावर ठेवलं. आणि ठेवतानाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, कारण ती उचलली गेली.

हमालानं दांडीवरचं वजन मागे सरकवलं, अजून मागे सरकवलं. या वेळी तो काही ओरडला नाही. मी वाकून पाहिलं. मला अपात्र ठरवलं तेव्हा माझं जेवढं होतं, त्याहून आईचं कमी होतं. आणि आई माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच.

"काटा बिघडलाय तुमचा," आई म्हणाली आणि उतरून पदर सारखा केला. हमालानं मान खाली घातली. बाबा एका पोत्याची शिवण बघत राहिले.

घरी जाताना मी डोक्यात वार लावत होते. सोमवार आईचा लहानपणापासूनचा. गुरुवार आला तो बाबांचा कारखाना बसला त्या महिन्यात. शनिवार आला ताईच्या दिवाळसणानंतर. आमच्या घरात पगार बंद झाला आणि देव वाढले, आणि मी मात्र समजत होते की आई आता वयानं धार्मिक होत चालली आहे. माझं सिलेक्शन म्हणे! ते वार तर माझ्या अर्जाच्या आधीपासूनचे होते. ती आधीच उपाशी होती. देवाला फक्त कारण नवं सांगितलं होतं. आणि आता तर माझं तूप, माझी केळी, माझी अंडी.

मला रडू आलं नाही, संताप आला. कुणावर काढावा ते कळेना म्हणून बाबांवर काढला. आई पुढे चालत होती. मी दबक्या आवाजात विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

बाबांनी पुढे चालणाऱ्या आईकडे पाहिलं. मग म्हणाले, "वाढायला ती बसते. मी विचारलं की म्हणते, आज माझा शनिवार. शनिवारी काय बोलणार माणूस?"

त्या दिवशी मी पक्कं केलं. त्याआधी मला लष्कर हवं होतं ते कोचिंगच्या गर्दीतून, आत्याच्या स्थळांतून सुटायला. आता मला तिथली जागा हवी होती आईच्या ताटासाठी, आणि ती मी कुणाला देणार नव्हते.

पुन्हा मेडिकलला आई सोबत आली. नेमका गुरुवार होता. ती बाहेर लिंबाच्या झाडाखाली बाकावर बसली. आत त्याच डॉक्टरीणबाई होत्या. काट्याकडे बघून म्हणाल्या, "शाबास. देव बदलला वाटतं?" मी म्हटलं, "नाही मॅडम, अंडी खाल्ली." त्यांनी कागदावर 'पात्र' लिहिलं, शिक्का मारला आणि बाँडचे कागद दिले. मी बाहेर धावत आले. आईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. उठायला गेली, आणि पुन्हा बाकावर बसली. "जरा गरगरलं," म्हणाली.

मी तिचा हात धरून स्टेशनजवळच्या उडपी हॉटेलात नेलं. जामीन दोस्तांना, सोसायटीला, कुणाला काय देणं आहे ते सगळं बाजूला ठेवून मी एक मसाला डोसा मागवला आणि तिच्यापुढे सरकवला.

"आज गुरुवार आहे," ती म्हणाली.

"असू दे. मी पास झाले. नवस फिटला."

"फिटला तरी वार मोडायचा नसतो."

"आई," मी म्हटलं, "हा वार माझा आहे. तूच घेतला होतास ना माझ्याकडून? मला परत दे. मोडीन नाहीतर ठेवीन. आणि तू खाल्लं नाहीस तर मी त्या बाँडवर सही करणार नाही." मी साफ खोटं बोलत होते. सही मी झोपेतही केली असती.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं आजूबाजूला पाहिलं, कुणी ओळखीचं नाही ना म्हणून. "बाबांसाठी बांधून घ्यायचा," तिनं अट घातली. मी म्हटलं, घेऊ.

तिनं एक घास घेतला. मग दुसरा. मग ती बोलायची थांबली. मी कधी तिला इतकं भराभर खाताना पाहिलं नव्हतं. सांबाराची वाटी तिनं तोंडाला लावली, चटणी बोटानं निपटून घेतली, ताटलीच्या कडेचा करपलेला तुकडासुद्धा सोडला नाही. ताटली रिकामी झाल्यावर ती तिच्याकडे बघत बसली. मी बाँडचे कागद काढून टेबलावर ठेवले आणि पेनाचं टोपण काढलं.

"ऐक ना," आई हळूच म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मला खूप भूक लागलीय गं. अजून एक सांगतेस?"

मी वेटरला हाक मारली आणि दोन सांगितले.