ताई ‘बदल’ म्हणाल्या

ताईंना थकलेलं कुणी पाहिलं असेल तर त्यानं समोर यावं! अॅम्ब्युलन्सच्या ठाण्यावर मामा ही पैज कुणाशीही लावायचे. मामा गाडीचे ड्रायव्हर, ताई मागे रुग्णाजवळ बसणाऱ्या. चेपलेल्या ट्रकमध्ये अर्ध्या अंगानं शिरून, आत अडकलेल्या माणसाशी त्याच्या पोरांच्या शाळेबद्दल गप्पा मारत त्याला जागं ठेवणारी बाई! हे मामांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि सांगताना दर वेळी त्यांच्या अंगावर काटा यायचा.

नव्या भरतीला ताईच शिकवायच्या. बंद पडलेलं हृदय चालू करायला छाती कशी दाबायची ते दाखवताना त्यांचा एकच हट्ट असे: हात भरून आले की मोठ्यानं ‘बदल!’ म्हणायचं आणि शेजारच्यानं लगेच हात घालायचे. “थकलेल्याला वाटतं आपण जोरात दाबतोय. कसलं डोंबलाचं! न सांगणारा शूर नसतो, आडमुठा असतो.” मामा “माझं काम स्टिअरिंग” म्हणून अंग चोरायचे, तर त्यांनाही कान धरून शिकवलेलं.

गेल्या आठवड्यात पाण्याच्या टाकीत पडलेल्या मुलीसाठी फोन आला. माणसं कमी, म्हणून मागे ताई एकट्या आणि पुढे मामा. दवाखान्यापर्यंत ताई दाबत राहिल्या. ‘बदल’ म्हणणार तरी कुणाला? मुलगी वाचली नाही.

तेव्हापासून ताईंचा डबा भरलेलाच परत जाऊ लागला. साहेबांनी समुपदेशक बाईंचा नंबर दिला, तर “मला काय धाड भरलीय?” म्हणत त्यांनी तो कागद मामांच्या खिशात कोंबला. मामांचा आधीचा जोडीदार असाच गप्प होत गेला होता. एक दिवस गणवेश खुंटीला टांगून गेला तो गेलाच, आणि त्याला कुणी काही विचारलंही नव्हतं. खुद्द मामांनीसुद्धा नाही.

आज पुन्हा वर्ग होता. सरावाचा बाहुला आणून ठेवून मामा दाराशी टेकले. ताई दाबू लागल्या. बदलायची वेळ झाली, शेजारची मुलगी हात पुढे करून तयार राहिली, पण ताई थांबेनात. आकडे मोजणंही बंद पडलं. घाम नाकावरून टपटपत होता. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

मामांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही बाई या खोलीत नाहीच, ती अजून माझ्या गाडीत आहे!

ते धावत गेले आणि समोर गुडघे टेकून बसले. इतक्या वर्षांत त्यांनी ताईंना कधी एकेरी हाक मारली नव्हती.

“पोरी, गाडी उभी आहे. मी मागे आलोय.”

ताईंनी मान वर केली.

“बदल,” त्या म्हणाल्या.

मामांनी हात घातले. ताई भिंतीला टेकून फरशीवर बसल्या आणि सगळ्या वर्गासमोर, तोंडही न लपवता, ढसाढसा रडल्या. मग तशाच ओल्या आवाजात म्हणाल्या, “बघून ठेवा. तुम्हाला शिकवलं, पण मला जमलं नव्हतं. त्या दिवसापासून मी दाबतेच आहे.”

ट्रकमध्ये शिरणारी ताई मामांनी पाहिली होती, पण एवढ्या हिमतीची बाई त्यांनी आजच पाहिली. ते थक्क होऊन बघत राहिले, आणि हात आपले दाबतच होते.

“मामा, थांबा आता,” ताई नाक पुसत म्हणाल्या. “बरगड्या मोडाल बिचाऱ्याच्या.”

आठवडाभरानं ऐकलेली ती पहिली चेष्टा. मामांना हसावं की रडावं कळेना.

“आणि तो कागद आहे ना खिशात?” ताईंनी हात पुढे केला. “लावा त्या बाईंना फोन. मी बोलते.”