विहीरवाल्या आबांचं परराष्ट्र धोरण

अमेरिकेचं परराष्ट्र धोरण जगात एकाच माणसाला नीट कळलेलं आहे, आणि तो माणूस रोज सकाळी पुनावळ्यात म्हशी धुताना सापडतो. आमची सोसायटी ज्या शेतावर उभी आहे ते विहीरवाल्या आबांचं. शेत त्यांनी विकलं, पण कुंपणापलीकडची विहीर काही सोडली नाही. चाकणला नेणारी माझी कंपनीची बस येईपर्यंत आबा मला जग समजावून सांगतात. पाकिस्तानात सरकार डळमळलं की त्यांना राग येतो तो अमेरिकेचा. "आरं, खुर्चीवरच्या माणसाला मिठ्या मारत्यात! उद्या तो पडला म्हंजी? सोयरीक गावाशी करावी, सरपंचाशी न्हाई!" एकदा हे सांगण्याच्या भरात त्यांची म्हैस सुटून थेट हायवेला लागली. तिच्यामागे पळता पळताही आबा ओरडत होते, "बघ! दोस्ताकडं लक्ष न्हाई दिलं की असं व्हतंय!"

गंमत अशी की आबांनाही असाच एक डळमळीत दोस्त होता, आमची सोसायटी. वर्षात तीन अध्यक्ष झाले. उन्हाळ्यात नळ आटला की आबांच्या विहिरीवरून पाइपाने पाणी यायचं, आणि नव्या अध्यक्षाला आबा विहिरीवर बोलावून स्वतः फेटा बांधायचे. गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी त्यांनी असाच फेटा बांधला आणि संध्याकाळच्या सभेत विरोधी गटाने त्या अध्यक्षाला पाडलं. नव्या अध्यक्षीणबाई तापट. "आबा त्यांच्या गटातले. आपण टँकर मागवू," म्हणाल्या, आणि पाइप काढला.

तीन दिवस आबांनी अमेरिकेचं नाव घेतलं नाही. मी घाबरलोच. चौथ्या दिवशी म्हणाले, "मीबी सरपंचालाच मिठी मारली की रं. शेत गेलं त्याचं काय न्हाई. पर माझं पाणी अजून तिथं जातंय, येवढं बरं वाटायचं." मला फार वाईट वाटलं.

पुढच्याच आठवड्यात टँकर आला नाही. आबांनी कुंपणापाशी नळ लावला आणि कुणाला काही न विचारता उघडा सोडला. दोन्ही गट बादल्या घेऊन एकाच रांगेत उभे राहिले. अध्यक्षीणबाईंचा नंबर आला तेव्हा आबांनी त्यांची बादली काठोकाठ भरली आणि उचलूनही दिली. बाई जरा ओशाळल्या. "आबा, उद्या पाइप जोडून घेते."

"जोडा ताई. पर आता फेटा कुणालाच न्हाई."

दुसऱ्या दिवशी पाणी चढलं. मी खाली आलो तर आबा मान वर करून इमारतीकडे बघत होते.

"पार अकराव्या मजल्यावर जातंय व्हय?"

"जातंय की आबा."

त्यांनी बोटाने एकेक मजला मोजला. मग हळूच म्हणाले, "माझी ज्वारी काय येवढी उंच कधी गेली न्हाई."