दीना सिस्टरचं अर्धं मिनिट

दीना शांतवन भालेराव या बाईला गप्प बसता येत नाही, हे नगरपासून पाथर्डीपर्यंत तिला ओळखणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लहानपणी नेवाशाला रविवारच्या उपासनेत सगळ्यांनी डोळे मिटले की हिला हसू फुटायचं. वडील शांतवन गुरुजी एक डोळा किलकिला करून तिच्याकडे बघायचे आणि त्या एका डोळ्याला बघून ही आणखीच हसायची. शाळेत बडबड, एसटीत बडबड, झोपेतसुद्धा बडबड. ती नर्सिंगला जाते म्हणाली तेव्हा आई म्हणाली, "बरंय, हिला कंटाळून पेशंट लवकर बरे होतील."

नर्सिंगच्या परीक्षेत तिला तपासायला दोन वर्षांचा एक गुटगुटीत मुलगा मिळाला. पुस्तकात लिहिलंय तसं दीनानं डोक्यापासून सुरुवात केली. डोकं झालं, डोळे झाले, कान झाले, घसा बघायला चमचा तोंडात घातला आणि पोरानं भोकाड पसरलं. छातीपर्यंत पोचेपर्यंत त्यानं छप्पर डोक्यावर घेतलं होतं. परीक्षा घेणाऱ्या ग्लोरिया मॅडमनी विचारलं, "हृदयाचे ठोके कसे आहेत?" दीना म्हणाली, "मॅडम, हृदयाचं काही सांगता येत नाही, पण फुप्फुसं एकदम दणकट आहेत."

मॅडम तिथं हसल्या नाहीत. व्हरांड्यात जाऊन खांबाला धरून हसल्या, असं शिपायानं नंतर सांगितलं. मग त्यांनी तिला बोलावून घेतलं. "हे बघ, लेकरू रडायच्या आत जे ऐकायचं ते ऐकून घ्यायचं. आधी लांबून नुसतं बघ. श्वास मोज. मग आईच्या मांडीवरच छाती ऐक, मग पोट. कान, घसा, जे जे त्रासाचं ते शेवटी. आणि तुझं तोंड त्याच्याही शेवटी."

पहिलं सगळं दीना शिकली. शेवटचं राहिलं ते राहिलंच.

आता तीन वर्षं झाली, ती पाथर्डीच्या पूर्वेकडच्या एका उपकेंद्रात आहे. डोंगराच्या पायथ्याला विखुरलेल्या वस्त्या, तिची पांढरी स्कूटी आणि मागे निळ्या पिशवीत वजनकाटा. पोरं तपासायची तिची तऱ्हाच वेगळी. आधी पोराला हात लावायचा नाही, पोराच्या आजीला तपासायचं. आजीच्या पोटावर टिचक्या मारायच्या, आजीला जीभ बाहेर काढायला लावायची, आजीच्या गुडघ्यावर हातोडी मारायची. आजीचा पाय उडाला की पोर खदखदून हसतं आणि मग आपणहून पोट पुढं करतं. वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना हे इतकं आवडलं की लसीकरणाच्या दिवशी नातवंडं घरी विसरून नुसत्या आज्याच रांगेत यायला लागल्या.

त्यात सगळ्यात पुढं लंकाबाई. साठीची, काटक, आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरचा माणूस मागं वळून बघेल. तीस वर्षं ऊस तोडून तीन वर्षांपूर्वी तिनं कोयता छपरात खोचला होता आणि सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की पुन्हा हातात धरणार न्हाई. तिचा उसावरचा राग एवढा, की बाजारात गेली तर रसवंतीच्या बाजूनं चालायची नाही. तिचा मुलगा कानिफनाथ, सून सुरेखा आणि नात दिशा, तेरा महिन्यांची.

दिशाची गोष्ट जरा निराळी होती. दसऱ्याच्या आधीच्या लसीकरणाला लंकाबाईनं घाई केली. "सिस्टर, आधी घसा बघा, पोरगी खोकतीय." लंकाबाईपुढं कुणाचं चालतं? दीनानं आधी घसा बघितला, आणि झालं. दिशा जी रडायला लागली ती लस टोचून, घरी जाऊन, झोप लागेपर्यंत रडत राहिली. पण दोन हुंदक्यांच्या मध्ये, छातीवर नळी असताना, दीनाला काहीतरी ऐकू आलं. आलं की भास झाला? वजनही महिनाभरात वाढलं नव्हतं. सुरेखा सहज बोलून गेली होती, "अंगावर पिताना दमती ओ ती. कपाळाला घाम येतो." दीनानं वहीत लिहिलं, पुन्हा ऐकणे, आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

त्यानंतर ती दोनदा वस्तीवर गेली. दोन्ही वेळा तिची स्कूटी दिसताच दिशानं टाहो फोडला. आणि आज सकाळी कुणीतरी सांगितलं, वस्तीची ऊसतोडीची टोळी आज दुपारीच श्रीगोंद्याकडच्या साखर कारखान्यावर निघतेय. म्हणजे सहा महिने दिशा उसाच्या फडात, आणि त्या दोन रेघा वहीत. दीनानं हातातला चहा तसाच ठेवला आणि स्कूटीला किक मारली.

वस्तीवर नुसता गलबला चालला होता. ट्रक उभा. त्यात पत्र्याच्या पेट्या, बाजरीची पोती, फडावर उभारायच्या कोपीचे, म्हणजे झोपडीचे बांबू, सरपण, टोपलीखाली कोंबड्या, आणि एक शेळी, जिला चढायचं नव्हतं आणि जे तिला चढवत होते त्यांनाही आता चढवायचं नव्हतं. ट्रकच्या टपावर मोठा स्पीकर गाणी ओरडत होता. आणि या सगळ्यात, लिंबाखाली सुरेखाच्या मांडीवर, दिशा चक्क झोपली होती.

दीनाला आनंदानं उडीच मारावीशी वाटली. तिनं मुकादमाला गाठलं. छगन मुकादम जाडजूड, मनानं बरा, पण वेळेचा पक्का.

"छगनभाऊ, मला अर्धं मिनिट शांतता पाहिजे."

"इथं?" छगननं चहूकडे बघितलं. "बाई, मला बारा वर्सांत घावली न्हाई."

"पोरीचं हृदय ऐकायचंय. अर्धं मिनिट. घड्याळ लावून."

छगननं गाणं बंद केलं. गाणं बंद झालं तसा ट्रकच्या इंजिनाचा आवाज ऐकू यायला लागला. इंजिन बंद केलं, तर शेळी ऐकू आली. शेळीच्या तोंडात पाला कोंबला, तर ट्रकवर दोन बायका पेटी कुणाची वर ठेवायची यावरून भांडत होत्या. लंकाबाई ओरडली, "आगं गप बसा की गं! सिस्टरला काळीज ऐकायचंय!" तिच्या त्या एका ओरडण्यानं लिंबावरचे कावळे उडाले, टोपलीखालच्या कोंबड्या फडफडल्या आणि दिशानं झोपेतच ओठ काढला. सुरेखानं थोपटलं. ओठ परत आत गेला.

सगळे थिजले. कानिफनाथ एक पाय ट्रकवर, एक हवेत ठेवून तसाच उभा राहिला. वारासुद्धा पडला. दीनानं नळीचं टोक तळहातावर चोळून ऊबदार केलं, गुडघ्यावर बसली, कानात नळ्या घातल्या, चहूकडे एकदा बघितलं आणि तिला राहवलंच नाही.

"अगं बाई, किती छान शांत झालं!" ती म्हणाली. चांगली खणखणीत.

दिशानं डोळे उघडले. दीनाला ओळखलं. पुढचं सांगायला नको.

लंकाबाईनं कपाळावर हात मारला. "सगळी वस्ती मुकी झाली आन् ही बाईच बोलली! तोंड हाय का पिठाची गिरनी?" ट्रकवरची माणसं इतकी हसली की कानिफनाथचा हवेतला पायही खाली आला. दीनाही हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. छगन घड्याळ बघत होता.

"अजून एकदाच," ती म्हणाली. "छगनभाऊ, पाया पडते."

सुरेखानं दिशाला पदराखाली घेतलं. हुंदके हळूहळू कमी झाले. पिता पिता डोळे मिटायला लागले, कपाळावर बारीक घाम आला. लंकाबाईनं खूण केली. पुन्हा सगळी वस्ती थिजली. या वेळी लंकाबाईनं दीनाचीच ओढणी गोळा करून तिच्या तोंडात कोंबली आणि वर हातानं दाबून धरली. आरोग्य खात्याच्या इतिहासात अशी तपासणी झाली नसेल.

दीनानं नळी टेकवली. घड्याळाचा काटा सरकला. लब, डब. लब, डब. आणि मध्येच, प्रत्येक वेळी, कुणीतरी सुपात बाजरी पाखडल्यासारखा आवाज. हुंदका नव्हता, भासही नव्हता. काटा तिसावर पोचला. दीनानं आणखी तीस सेकंद ऐकलं, कारण तिला ते खोटं ठरायला हवं होतं. ठरलं नाही.

तिनं ओढणी काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली. "आवाज आहे. पुष्कळदा असला आवाज काही करत नाही, पण कधीकधी आत बारीक भोक असतं. ही दमते, घाम येतो, वजन धरत नाही. नगरला मशीनवर बघितलंच पाहिजे. लागलं तर पुन्हा पुन्हा जावं लागेल. आणि आईशिवाय ही राहायची नाही."

"आवो, चांगली हसती, खेळती पोर!" लंकाबाई उसळली. "भोक म्हनं! न्हाई जायचं कुटं. गाडी सुटंल."

दीनानं वाद घातला नाही. तिनं नळ्या लंकाबाईच्या कानात घातल्या आणि टोक आधी लंकाबाईच्याच छातीवर ठेवलं. हे लंकाबाईला सवयीचं होतं, तिला स्वतःचे ठोके ऐकायला फार आवडायचं. ती खूश होऊन मान हलवायला लागली. मग दीनानं टोक अलगद दिशाच्या छातीवर नेलं.

लंकाबाईची मान थांबली. तिनं डोळे मिटले. ती बराच वेळ ऐकत राहिली.

"माझ्यात न्हाई ह्ये," ती शेवटी म्हणाली.

छगननं टोपी काढून डोकं खाजवलं. त्याचीही पंचाईतच होती. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, जोडीतलं एक माणूस गळलं तर अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता कुठल्याच मुकादमाला नको असतो. "सुरेखा उतरली तर कानिफला कसं नेऊ?" तो म्हणाला. सुरेखा दिशाला घट्ट धरून बसली होती. कानिफनाथ एकदा ट्रककडे बघत होता, एकदा लेकीकडे. दीनाजवळ बोलायला शब्द होते, पण कोयता नव्हता.

लंकाबाई तरातरा घरात गेली. छपरातून पाचटाचा धुरळा पडला. बाहेर आली तेव्हा हातात गंजलेला कोयता.

"आज्जी, तुम्ही?" दीना म्हणाली.

"मग कोन, तुमी जाता? तुमी फडात बडबड करून समद्यांचं काम बंद पाडाल." ती छगनकडे वळली. "ह्यो बघ, कोयता पुरा झाला. आन् ऐक, मी रस पिनार न्हाई. उसाचं आन् माझं बोलनं बंद हाय. तोडीन, पर बोलनार न्हाई." मग ती सुरेखापाशी खाली बसली, दिशाच्या गालाला गाल लावला आणि म्हणाली, "शेळ्यास्नी पानी दे येळच्या येळी."

मग कानिफनाथनं खालून ढकललं, दोन बायकांनी वरून ओढलं आणि लंकाबाई ट्रकवर चढली, मागोमाग तोही चढला. वर जाताच तिनं ते पेटीचं भांडण पहिल्यापासून पुन्हा सुरू करून एका मिनिटात मिटवलं. गाणं लागलं. ट्रक वळणावर दिसेनासा झाला तरी तिचा आवाज येत होता.

आठव्या दिवशी नगरच्या सरकारी दवाखान्यात दिशाची तपासणी झाली. मशीनवर बघायला तिला झोपवावं लागलं, त्यात दीड तास गेला आणि दीनाला त्या खोलीच्या बाहेरच उभं केलं होतं, कारण डॉक्टरांना एव्हाना तिची माहिती झाली होती. ते बाहेर आले आणि म्हणाले, भोक आहे, पण लहान आहे. अशी भोकं बरीचशी आपणहून मिटतात. सध्या औषध, दर महिन्याला वजन, आणि तीन महिन्यांनी पुन्हा इथं. वेळेवर आणलंत, हेही म्हणाले.

दीनानं लगेच कानिफनाथच्या मोबाईलवर फोन लावला. लंकाबाईनं सगळं ऐकून घेतलं. भोक लहान हाय, हे तिनं तीनदा वदवून घेतलं. मग म्हणाली, "मला ऐकवा."

"आज्जी, फोनवर नाही ऐकू येत हृदय."

"तुमी ठिवा तर खरं." आणि तिकडं फडात ती ओरडली, "ए छगन, ट्रॅक्टर बंद कर! समद्यांनी कोयते खाली ठिवा! अर्धा मिनिट कुनी बोलायचं न्हाई!"

तिकडचा सगळा आवाज खरोखरच बंद पडला. ऊस पडायचा आवाज थांबला, ट्रॅक्टर थांबला. श्रीगोंद्याकडच्या कुठल्याशा फडात चाळीस माणसं वाकलेली पाठ सरळ करून उभी असतील, असं दीनाच्या मनात आलं. तिनं मोबाईल दिशाच्या छातीवर ठेवला. दिशानं मोबाईल बघितला, वर दीनाचं तोंड बघितलं आणि असा टाहो फोडला की व्हरांड्यातला शिपाई धावत आला.

पलीकडून लंकाबाई पूर्ण अर्धं मिनिट ऐकत राहिली.

"ऐकलं," ती म्हणाली. "लई ग्वाड हाय." मग थोड्या वेळानं, "सिस्टर? ओ सिस्टर? बोला की!"

पण दीनाला काही म्हणजे काही बोलता येईना.