आतोबांची बिनहँडलची गाडी

जगातलं कुठलंही इंजिन मूळचं चालूच असतं, बंद पडतं ते केवळ माणसांच्या चुकीमुळे, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी पाहिला, आणि ते म्हणजे माझे आतोबा. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. ठाण्याच्या एका कचेरीत कारकुनी करणाऱ्या या माणसाने कुणा साहेबाने टाकून दिलेली मोटार हौसेने घेतली. तिचा सेल्फ स्टार्टर कधी चालल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पुढून हँडल मारावं लागे, आणि एकदा त्या हँडलने उलटा झटका देऊन आतोबांचं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं त्या दिवशी आत्याने बजावलं, "पुन्हा हँडलला हात लावलात, तर गाडी विकायची." आतोबांनी शब्द दिला, आणि हँडलवाचून इंजिन आणखी कशाकशाने चालू होतं हे शोधण्याचा त्यांना नादच लागला.

पहिला शोध उताराचा. गाडी उतारावर लावायची, निघताना ब्रेक सोडून घरंगळू द्यायची आणि मध्येच गिअर टाकायचा. त्यामुळे ज्यांच्या दाराशी उतार, त्यांच्याकडेच आमचं जाणं-येणं उरलं. माझी डोंबिवलीची मावशी सपाटीवर राहायची. "माणसं चांगली आहेत रे, पण जागा चुकली," असं आतोबा हळहळून म्हणत. थंडीत ते बंबातलं कढत पाणी रेडिएटरमध्ये ओतत. न्हाणीघरातून आत्या ओरडे, "अहो, माझं पाणी!" त्यावर हे शांतपणे म्हणायचे, "तू गार पाण्याने अंघोळ करू शकतेस, ती नाही." आत्या दिवसभर बोलायची नाही. आतोबांच्या ते ध्यानातही यायचं नाही.

ही कीर्ती शीळफाट्यापलीकडच्या एका गावापर्यंत पोचली असावी. तिथला भातगिरणीवाला एका सकाळी दारात उभा राहिला. गिरणीचं डिझेल इंजिन हँडल मोडल्यामुळे बंद होतं. "सायेब, उद्या पोरीची हलद हाय. भात तसाच परलाय. पावन्यांना जेवाला काय घालू?" आतोबांनी रजा टाकली आणि मलाही गाडीत घातलं.

गिरणीपाशी पोचताच त्यांनी सवयीने गाडी बंद केली. मग आजूबाजूला पाहिलं. खाडीपर्यंत सगळी सपाट शेतं! ढेकळांत माणसांच्या धक्क्याने गाडी हलेना. कुणीतरी म्हणालं, "सायेब, हँडल मारा ना!" आतोबांनी मनगट चोळलं. "घरी शब्द दिलाय," ते म्हणाले, "बैल आहेत का?" बैल जुंपले, पळवले, आतोबांनी गिअर टाकला. गाडीने असा बार काढला की बैल दोर तोडून बांधापलीकडे गेले. आतोबांनी चालू गाडीचं मागचं चाक जॅकवर उचललं आणि गिरणीचा पट्टा त्या चाकावर चढवला. आता मोटार डिझेलला फिरवणार होती. "पण डिझेलने उलट गाडीलाच फिरवलं तर?" मी विचारलं. "तर बहुतेक गिअरबॉक्स जाईल," ते म्हणाले. त्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा भाताच्या पोत्यांकडे पाहिलं, आणि डोळे बारीक करून म्हणाले, "बघू या तरी!"

डिझेल धडधडलं. पट्टा काढेपर्यंत त्याने गाडी गदगदा हलवली, आतून दात तुटल्यासारखा आवाज आला, आणि ती कायमची गप्प झाली. गिरणी मात्र संध्याकाळपर्यंत चालली. दुसऱ्या दिवशी त्या भाताच्या पंगती उठल्या. आम्हालाही आग्रहाने वाढलं. आतोबा नेहमीपेक्षा कमी जेवले.

बैलगाडीमागे बांधून गाडी घरी आली आणि अंगणात राहिली. हँडलला हात लागलेला नव्हता, त्यामुळे आत्यालाही ती विका म्हणता येईना. रविवारी आतोबा तिच्यात बसून वर्तमानपत्र वाचत.

ते गेल्यावर वर्षभराने भंगारवाला आला. त्याची माणसं गाडीला दोर बांधू लागली तशी आत्या लगबगीने आत गेली आणि बंबातलं पाणी बादलीत घेऊन आली.

"थांबा हो," ती म्हणाली, "आधी एकदा गरम पाणी घालून बघते."