घागरीखालची चार ढेकळं

प्रकाशचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या घरात खिडकीला ओली चादर बांधत होते. चैत्र अजून संपायचा होता आणि ऊन भिंतीतून आत यायला लागलं होतं. "ताई, नाना गयात," एवढंच तो बोलला. नाना म्हणजे त्याचे वडील, माझे मामा. भरदुपारी लिंबांच्या बागेत गेले होते, एका झाडाच्या बुंध्याशी बसलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. झाडाखाली बसलेल्या माणसाला ऊन कसं लागतं, असं मी विचारणार होते... त्या झाडाला पानंच उरली नव्हती, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

गिरणेच्या काठचं ते माझं आजोळ. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्या तोंडावर खरबूज आणि खाली चार ढेकळं: ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद. घागर दिवसभर पाझरते. संध्याकाळी ती उचलायची आणि जे ढेकूळ भिजलेलं दिसेल त्या महिन्यात पाऊस, असं धरायचं. उचलायचा मान नानांचा. ढेकळं तेच शेतातून पारखून आणत आणि भाकीत असं ठणकावून सांगत की ऐकणाऱ्याने छत्री शोधायला निघावं. बहुतेकदा ते चुकायचं. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे हसायचा हक्क माझा. मी हसले की नाना म्हणायचे, "तुना पुस्तकमा काय शे ते तू सांग माय, मनी घागरमा काय शे ते मी सांगस." दुपारी घागरीतलं पाणी थोडं खाली गेलेलं दिसलं की आजोबांचं नाव घेऊन म्हणत, "आबाले तहान लागेल शे," आणि तांब्याभर पाणी पुन्हा ओतत. आम्ही पोरं खरंच घाबरून कोपऱ्यात बघायचो.

मग ते भाकीत सांगेनासे झाले. घागर उचलायचे, बघायचे आणि ती परत तिथेच टेकवायचे. पाऊस यायचा तो दसऱ्यानंतर, वेचणीला आलेला कापूस काळा करून जायचा. ज्या विहिरीत आम्ही पोहायला शिकलो तिचा तळ उघडा पडला. शेजाऱ्याने बोअर मारली, त्याच्या शेजाऱ्याने त्याहून खोल मारली. आमची बाग वाळायला लागली तेव्हा प्रकाश ओट्यावर नानांसमोर उभा राहिला. "बठ्ठा लोके बोर करी राह्यनात, आपन नुसतं देखत बसानं का?" नाना म्हणाले, "इतलं खोल पानी आपलं नही रे भाऊ. ते कोनीतरी ठेयेल शे." मला प्रकाशचंच पटलं होतं, आजही पटतं. डोळ्यांदेखत झाडं मरत असताना दुसरं काय करायचं माणसाने? पण नानांच्या त्या पाणी ठेवणाऱ्या 'कोनीतरी'ने माझ्या अंगावर काटा आला होता.

बोअर झाली, पाणी लागलं. भर थंडीत ते पाणी कोमट होतं. नानांनी ओंजळीत घेऊन चाखलं, थुंकून टाकलं आणि हात धोतराला पुसले. एक हंगाम बाग हिरवी झाली. नंतर पानांच्या कडा करपल्या, बुंध्यांभोवतीच्या आळ्यांमध्ये क्षारांचा पांढरा थर धरला आणि बोअर नुसती हवा ओढायला लागली. तरी नाना रोज दुपारी बागेत जाऊन बसत. आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसं.

ते गेल्यावरची ही पहिली आखाजी, घागर आता त्यांच्या नावाची. आदल्या दिवशी प्रकाश मला म्हणाला, "एक जरी ढेकूळ भिजनं ते थांबसू. नही ते मशीन बलावसू, आखो खोल." एवढा शिकलेला पोरगा, पण निर्णय त्याने बापावर टाकला होता आणि मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. ढेकळं आणायला आम्ही दोघं शेतात गेलो. उचललं की हातात भुगा व्हायचा. अख्ख्या बागेत धड ढेकूळ मिळेना. शेवटी प्रकाश विहिरीत उतरला आणि तळाच्या भेगाळलेल्या गाळाचे चार तुकडे घेऊन आला. त्यांवर मामीने टँकरच्या पाण्याने घागर भरली.

संध्याकाळी घागरीला हात लावायला कुणी पुढे होईना. अखेर प्रकाशनेच उचलली आणि तो दचकला, कारण ती फारच हलकी लागली. पाणी अर्ध्याच्याही खाली गेलं होतं. दिवसभर तिला कुणी शिवलंसुद्धा नव्हतं. खालची चारही ढेकळं कोरडी ठणठणीत. उन्हाच्या झळांनी पाणी मातीतून उडून जातं, हे मला ठाऊक आहे, मी मुलांना शिकवते. तरी मी एकेक ढेकूळ पुन्हा बोटाने दाबून पाहिलं. मामीने ढेकळांकडे पाहिलंच नाही. ती म्हणाली, "त्यास्ले तहान लागेल शे," आणि तांब्या आणायला आत गेली. प्रकाश फोन घेऊन अंगणात निघून गेला.

मी परतले त्याला आता काही आठवडे झाले. मामीला फोन केला की मागे मशीनची घरघर ऐकू येते. एक जागा कोरडी गेली, आता बागेच्या दुसऱ्या कोपऱ्यात चाललंय. घागर अजून तिथेच आहे, त्याच चार ढेकळांवर. मामी रोज सकाळी भरते. संध्याकाळी तळ दिसतो. काल मी म्हटलं, मामी, आखाजी कधीच झाली, आता उचलून ठेव ना ती.

"त्यास्नं पानी पिवानं व्हवू दे आधी," ती म्हणाली.