अर्धा तांब्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, देवाला तर नाहीच — तो तिथंच बसलेला होता, त्याला वेगळं काय सांगायचं? तुम्हाला सांगतोय. पण आधीच बजावतो, मी रडणार नाही. तुम्हीही चुकचुकू नका.

आमचं गाव कासुर्डीच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, आता ऊस आहे, आणि मी कुरकुंभला एका कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहे. पण चैत्रातली जत्रा काही सुटलेली नाही. भर बारा वाजता गावविहिरीवर तांब्या भरायचा, त्याच्या तोंडावर तळहात दाबायचा आणि डोंगरावरच्या बिरोबापर्यंत अनवाणी पळत सुटायचं. पहिला पोचेल त्याच्या पाण्यानं देवाला अंघोळ, आणि मानाचा फेटा त्याला. नियम दोनच. त्यातला थेंबही प्यायचा नाही, कारण ते पाणी देवाचं. आणि तांब्या गळ्यापर्यंत भरलेला पोचला पाहिजे — नाहीतर पहिला आलेलाही बाद.

मी चांगला पळायचो. ते खोटं नाही, तेवढं माझ्या नावावर राहू द्या. गावात माझ्या पुढं एकच जण, संपत. शाळेपासूनचा दोस्त. तीन वर्षं फेटा त्याच्या डोक्यावर आणि मी टाळ्या वाजवायला. हेवा वाटायचा का? वाटायचा. दोस्ताचा हेवा कधीच वाटला नाही असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय.

त्या वर्षी ऊन फार होतं. कातळावर तळवे भाजत होते. शेवटच्या चढणीला आम्ही ‘उभी’ म्हणतो, तिथं एक हात टेकल्याशिवाय वर जाता येत नाही. संपत माझ्या पुढं होता — आणि मग खाली बसला. मग आडवा झाला. त्याचा तांब्या ठणठणत माझ्या शेजारून खाली गेला. बाकीचे पळणारे अजून खालच्या वळणावर होते.

मी त्याला ओलांडून वर गेलो.

झालं, आता कळलं तुम्हाला? नाही. एवढंच असतं तर मी केव्हाच सांगून मोकळा झालो असतो. शर्यत म्हटल्यावर माणूस पुढं जातोच, असं दहा जणांनी माझ्या बाजूनं म्हटलं असतं.

वर गेल्यावर एकदा वळून पाहिलं. मालनबाई त्याच्यापाशी गुडघे टेकून बसल्या होत्या. बुद्धविहारामागच्या आळीतल्या त्या, वनखात्याचे चर खणायला डोंगरावर आलेल्या. त्यांच्या हातात प्लॅस्टिकची बाटली होती. त्यांनी संपतला पाणी पाजलं, उरलेलं पदरावर ओतून तो पदर त्याच्या डोक्यावर ठेवला. हे मी नीट पाहिलं. मग पळालो.

देवळापुढं आबा उभे होते, जत्रेचे मानकरी. त्यांनी माझ्या तांब्यात डोकावून पाहिलं आणि त्यांचं तोंडच उतरलं. तांब्या अर्धा होता. मी बाद होतो. ते तसं बोलणार एवढ्यात मागचा गडी धापा टाकत आला — संपत पडलाय, पण पाणी पाजलंय त्याला, शुद्धीवर हाय. आबांनी माझ्याकडं पाहिलं. तांब्याकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, “लेकरा, देवाचं पाणी माणसाला पाजलंस. ह्यो अर्धा तांब्याच गळ्यापर्यंत भरलेला धरायचा.”

मी काय केलं? डोकं पुढं केलं. फेटा बांधून घेतला.

संपत वाचला. पळणं मात्र सुटलं, डॉक्टरांनीच बंद केलं. त्याला आठवतं ते एवढंच — माझं मनगट त्याच्या हातात होतं आणि मग तोंडात पाणी आलं. मधलं काही आठवत नाही. त्यामुळं आज बारा वर्षं तो दर चैत्रात स्वतः माझ्या डोक्याला फेटा बांधतो, पळायला आलेल्या पोरांपुढं मला उभा करतो आणि माझी गोष्ट सांगतो. सांगताना त्याचा आवाज भरून येतो. मी शेजारी छाती काढून उभा असतो.

मालनबाईंना कुणी विचारलं का? नाही. का नाही विचारलं, ते माझ्याकडून वदवून घेऊ नका, तुम्ही काही परदेशातून आलेला नाही. एकदा यवतच्या बाजारात त्यांनीच मला गाठलं. हसतच म्हणाल्या, “व्हय रं, त्यो देवाचा तांब्या माझ्या बाटलीत कवा शिरला?” उत्तराला थांबल्या नाहीत. भाजीची पिशवी उचलून चालायला लागल्या. मला राग आला — हो, रागच आला, आणि तो अजून गेलेला नाही. त्या गावभर बोलल्या असत्या तर मी भांडलो असतो, त्यांना खोटं पाडलं असतं आणि गावानं माझंच ऐकलं असतं. त्या बोलल्याच नाहीत.

मी चांगला माणूस आहे असं मी कधी म्हणालो नाही. गाव म्हणालं. मी फक्त गप्प बसलो, आणि बारा वर्षं गप्प बसायला काही कमी ताकद लागत नाही. यंदाच्या जत्रेआधी हे छापून येईल. संपत वाचेल. वाचू दे.

तर तांब्या अर्धा कसा झाला? ठेच लागली नव्हती. हात निसटला नव्हता. संपतनं माझं मनगट धरलं आणि म्हणाला, “बाळ्या, घोटभर दे.” मी हात हिसडला. जोरात हिसडला. पाणी कातळावर सांडलं, त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. त्यानं मान वळवली, जीभ बाहेर काढली आणि तो ओला दगड चाटायला लागला.

तेव्हा तांब्यात अजून अर्धं पाणी होतं.